पहिल्या वेळी थर्ड डिग्रीचे टाके पडले होते. दुसऱ्या वेळी नॉर्मल की सिझर? सिस्टर, सुईणी, दाया यांचं मत हवंय

वळेसर (डिचोली) | ४ जून, रात्री ११:१०

नमस्कार. इथे वाचते पुष्कळ, लिहितेय पहिल्यांदाच.

तीन वर्षांपूर्वी मुलगी झाली. चौदा तास कळा दिल्या, शेवटी चिमटा लावून काढली. वजन ३ किलो ८०० ग्रॅम. नंतर तासभर टाके घालणं चाललं होतं. किती टाके म्हणून विचारलं तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "मोजू नको बाय." घरी सोडताना जो कागद दिला त्यावर एका ओळीत लिहिलं होतं, थर्ड डिग्री टेअर, रिपेअर केलं. त्याचा अर्थ मला कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. मुलगी हातात होती, तेवढं पुरे होतं.

आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत. सव्विसावा आठवडा चालू आहे. एका डॉक्टरांनी तो जुना कागद बघितला आणि लगेच म्हणाल्या, सिझर, दुसरा विचार करू नको. दुसरीकडे गेले तर म्हणाले, "दुसरं बाळ सोपं जातं, बघू वेळेला." आई म्हणते नॉर्मलच कर, सिझर म्हणजे जन्मभराचं कंबरेचं दुखणं. सासूबाई म्हणतात, मागच्या वेळचे तुझे हाल मी बघितलेत, पोट कापून घे.

डॉक्टरांची मतं दोन मिळाली, दोन्ही उलट. मला ऐकायचंय ते त्या बायकांकडून, ज्या लेबर रूममध्ये आपल्या उशाशी तासन् तास उभ्या असतात. अशी जखम झालेल्या बाईचं दुसरं बाळंतपण तुम्ही केलंय का? तुम्हाला काय वाटतं?

---

म्हापशेकरीण | ४ जून, रात्री ११:४८

मी सुईण नाही, पण तुझ्या जागी होते. माझी पहिली वेळ तुझ्यासारखीच. दुसऱ्या वेळी सरळ सांगितलं, सिझर करा. कुणी समजावलं नाही, कुणी विरोधही केला नाही. त्या निर्णयाचा पश्चात्ताप नाही. शेवटचे दोन महिने शांत झोप लागली, ही एकच गोष्ट मला पुरेशी होती. पोटाचा टाका आठ-दहा दिवस ओढला, मोठीला उचलून घेता येईना, तेव्हा रडले. पण खालचं पुन्हा फाटेल ही भीती नव्हती. तू कसंही कर, भीतीला कमी लेखू नकोस.

---

परदेशी पेडणेकरीण | ५ जून, दुपारी २:३०

मी मूळची पेडण्याची, इंग्लंडात मिडवाइफ आहे. तिकडे मिडवाइफ हा नर्सपेक्षा वेगळा पेशा आहे. तीन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम, वेगळी नोंदणी. साधं, धोका नसलेलं बाळंतपण आम्हीच करतो, डॉक्टर लागले तरच येतात. त्यामुळे तुझा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

आधी तुझ्या कागदावरच्या ओळीचा अर्थ. फर्स्ट डिग्री म्हणजे नुसती कातडी फाटली. सेकंड म्हणजे खालचे स्नायूही फाटले, पण मागच्या वाटेपर्यंत गेलं नाही. थर्ड म्हणजे गुदद्वार आवळून धरणारा जो गोल स्नायू, तो फाटला. त्यातही तीन प्रकार: ३अ म्हणजे बाहेरचा स्नायू निम्म्याहून कमी फाटला, ३ब म्हणजे निम्म्याहून जास्त, ३क म्हणजे बाहेरचा आणि आतला दोन्ही. फोर्थ म्हणजे आतल्या अस्तरापर्यंत. तुझ्या कागदावर थर्ड आहे, पण अ, ब की क हे नाही. जमलं तर त्या इस्पितळातून जुनी केसपेपरची प्रत मागव. ऑपरेशनच्या नोंदीत ते सापडू शकतं.

आता आकडे, तिकडचे. ब्रिटनमध्ये पहिलटकरणींत शंभरात साधारण सहा जणींना अशी जखम होते, पुढच्या बाळंतपणात साधारण दोघींना. चिमटा, मोठं बाळ, लांबलेल्या कळा, बाळाचं तोंड वरच्या बाजूला असणं या सगळ्याने धोका वाढतो. तुझ्या वेळी यातल्या निदान दोन गोष्टी होत्या. नीट शिवलं गेलं तर वर्षभराने शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींना काहीही त्रास नसतो. आणि पुन्हा नॉर्मल केलं तर पुन्हा तशीच जखम होण्याची शक्यता शंभरात पाच ते सात.

हा शेवटचा आकडा मी गरोदर बाईला सांगते तेव्हा तिचा चेहरा उतरतो. मग मी सांगते की हा धोका पहिलटकरणीला असतो साधारण तेवढाच आहे. तू पहिल्या वेळी लेबर रूममध्ये गेलीस तेव्हाही तो होताच, फक्त तुला कुणी सांगितला नव्हता. तिकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हेच लिहिलंय. आणखी एक लिहिलंय: मागे फाटलं होतं एवढ्याच कारणाने दुसऱ्या वेळी सरसकट कट (बाळाची वाट मोठी करायला खाली कात्रीने दिलेला छेद) देऊ नये.

माझ्याबरोबरच्या मिडवाइफांत मात्र यावर एकमत नाही, तेही सांगते. काहीजणी म्हणतात, त्रास नसेल तर नॉर्मलच, बाईला तिचं शरीर परत मिळाल्यासारखं वाटतं. काहीजणी असल्या बाईची ड्यूटी लागली की आतून हादरतात. एकदा आपल्या हाताखाली फाटलेलं बघितलं की ते विसरत नाही. मी स्वतः एका बाळंतपणानंतर आठवडाभर मनात तोच क्षण पुन्हा पुन्हा बघत होते, हात थोडा खाली ठेवला असता तर, तिला "थांब, जोर नको" दोन सेकंद आधी म्हटलं असतं तर. तिने मला दोष दिला नाही. मीच दिला.

---

केपेकर | ५ जून, संध्याकाळी ७:०५

पुरुषाने इथे बोलावं की नाही माहीत नाही, पण माझी पणजी गावची वैजीण होती. आजी सांगायची, तिने शेदोनशे बाळंतपणं केली. बाईला कधी पाठीवर झोपवलं नाही. उकिडवी बसवायची, नाहीतर वाशाला बांधलेली दोरी धरायला द्यायची. खोबरेल तेल कोमट करून लावायची आणि डोकं दिसू लागलं की म्हणायची, "आता ढकलू नको, फुंकर घाल, चूल पेटवतेस तशी." आजी म्हणायची, कुणाला टाके लागले नाहीत. मग आता इतकी जखम का होते?

---

वाळपईची सिस्टर | ६ जून, सकाळी ६:२०

मी निवृत्त आहे. आधी उपकेंद्रात एएनएम (गावोगाव घरभेटी देणारी नर्स-सुईण), नंतर लेबर रूम. सगळी मिळून चौतीस वर्षं. पहाटे उठायची सवय गेली नाही, म्हणून आता लिहिते.

केपेकर, तुमच्या पणजीचं "फुंकर घाल" सोळा आणे खरं. तेच आम्ही आजही सांगतो. डोकं बाहेर पडण्याच्या क्षणी जोर नको, नुसता श्वास. उकिडवं बसणं, कुशीवर वळणं, हातागुडघ्यांवर येणं हेही आता पुस्तकं पुन्हा सांगतायत. पण "कुणाला टाके लागले नाहीत" याचा अर्थ कुणी फाटलं नाही असा नव्हे हो. टाके घालणारं कुणी नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांवर घरभेटीला जायचे. एका घरात एक म्हातारी नेहमी मागच्या दारीच बसलेली. जत्रेला नाही, लग्नाला नाही, देवळात तर नाहीच. सून म्हणायची, तिला गर्दी आवडत नाही. ओळख झाल्यावर म्हातारीनेच सांगितलं. पाचव्या बाळंतपणापासून तिला मागचं काही आवरत नव्हतं. चाळीस वर्षं. ती नुसती कपडे धूत होती. तुमच्या पणजीला मी नावं ठेवत नाही, त्यांच्या हाताने कितीतरी जीव वाचले असतील. पण त्या म्हातारीलाही मी विसरू शकत नाही.

आता आमचीही चूक सांगते. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, पहिलटकरणीला कट द्यायचाच. विचारायचं नाही, द्यायचा. तो मी वर्षानुवर्षं दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलं, सरसकट कट नको. तोवर माझ्या हाताने किती झाले ते मोजवत नाही. कट लागतो तेव्हा लागतोच, बाळाचे ठोके पडले, चिमटा लावायचा आहे, तेव्हा तो वाचवतो. पण तो तिरका हवा, खाली ताण आलेला असताना मधल्या रेषेपासून ६० अंशांत. सरळ खाली दिला की तो मागच्या वाटेकडेच जातो.

आणि ज्याने खरंच फरक पडतो ते फार साधं आहे. एका भांड्यात गरम पाणी, मनगटाच्या आतल्या बाजूला सोसवेल इतकं. स्वच्छ कापड बुडवायचं, पिळायचं, कळ आली की खालच्या भागावर हलकं दाबून धरायचं. थंड झालं की पुन्हा. डोकं टेकल्यापासून बाहेर येईपर्यंत. याने मोठ्या जखमा कमी होतात हे अभ्यासांतही आलंय. पण त्यासाठी एक माणूस त्या एका बाईजवळ अर्धा-पाऊण तास थांबायला हवं. एका वेळी चार टेबलं भरलेली असताना तो माणूस कुठून आणायचा, हे मला विचारू नका, मी चौतीस वर्षं तेच विचारत होते.

वळेसर, आता तुला. तू विचारलंस, नॉर्मल की सिझर. त्याच्या आधीचा प्रश्न तुला कुणी विचारला का? आत्ता कसं आहे? संडासची घाई लागली तर पाच-दहा मिनिटं थांबवता येते का? वारा आवरतो का? कपड्याला डाग लागतो का? शिंकताना, हसताना काही होतं का? नवऱ्याजवळ जाताना दुखतं का? इथे लिहायला लाज वाटली तर मला खाजगीत लिही. पण कुणाला तरी खरं सांग. मी माझ्या हाताने अशा जखमेनंतरची बाळंतपणं केली आहेत, चांगली झाली आहेत. पण त्या बायकांना आधी त्रास नव्हता. हे न विचारता नॉर्मल म्हणणं आणि न विचारता सिझर म्हणणं, दोन्ही मला सारखंच वाटतं.

---

वळेसर | ७ जून, रात्री १२:४०

सिस्टर, तुमचं वाचून सकाळपासून हातात फोन धरून बसले होते. खाजगीत लिहिणार होते. मग वाटलं, मागच्या दारी बसलेल्या त्या म्हातारीबद्दल तुम्ही उघड लिहिलंत, तर मी का नको.

वारा आवरत नाही. तीन वर्षं झाली. आधी वाटलं, बाळंतपणानंतर होतंच सगळ्यांना. ऑफिसात मीटिंगला मी दाराजवळ बसते. गणपतीत आरतीला मागे उभी राहते, सासूबाई म्हणतात, पुढे ये, मी मुलीचं निमित्त सांगते. घाई लागली की लागलीच, पोचेपर्यंत धरवत नाही. दोनदा धरवलं नाही. एकदा कदंबा बसमध्ये, साखळीहून येताना. सोबत जास्तीचा परकर ठेवते तेव्हापासून. मिस्टरांना अर्धंच माहीत आहे.

दोन्ही डॉक्टरांनी यातलं काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला वाटत होतं, प्रश्न पुढच्या बाळंतपणाचा आहे.

---

म्हापशेकरीण | ७ जून, सकाळी ८:१५

माझाही परकर असतो पर्समध्ये. आज पहिल्यांदा कुणाला सांगतेय.

---

फिजिओ, मडगाव | ७ जून, सकाळी १०:३०

वळेसर, तुझ्या पोस्टनंतर लिहायलाच हवं होतं. तुला जे होतंय ते सगळ्यांना होत नाही, आणि त्यावर उपाय आहेत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम गरोदरपणातही करता येतो. फक्त "केगल कर" असं सांगून भागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरीजणी आवळण्याऐवजी खाली ढकलत असतात, म्हणजे उलटंच. आधी नीट शिकून घ्यायला हवं. वारा रोखताना आवळतो तसं, मागून पुढे, श्वास न धरता. दहापर्यंत धरता येत नसेल तर तीनपर्यंत धर, सोड, सोडणंही तेवढंच महत्त्वाचं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस, संडासला कुंथू नकोस, पायाखाली छोटा पाट घे. पण तुझ्या बाबतीत स्नायू जुळलाय की नाही हे आधी बघायला हवं, नुसत्या व्यायामावर थांबू नकोस.

---

रात्रपाळी | ७ जून, रात्री ९:५०

मी प्रसूती विभागात डॉक्टर आहे, कुठे ते लिहीत नाही. "न विचारता सिझर" हे वाक्य लागलं, कारण मीही असं म्हटलंय. ओपीडीत रांग असते, हातात कागद येतो, त्यावर थर्ड डिग्री दिसतं, आणि मनात पहिला विचार येतो की पुन्हा फाटलं तर मला विचारतील. सिझर केलं म्हणून कुणी विचारत नाही. गोव्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभरात साडेएकोणचाळीस बाळंतपणं सिझरने झाली, देशात साडेएकवीस. त्यामागे पुष्कळ कारणं आहेत, पण ही भीतीही एक आहे हे मी मान्य करतो.

वळेसर, तुम्हाला त्रास आहे हे कळल्यावर मात्र मत बदलतं. त्रास असेल किंवा तपासणीत स्नायूत फट दिसली, तर ठरवून सिझरचा पर्याय समोर ठेवायचा असं मार्गदर्शक सूचनाच सांगतात, कारण उरलेला स्नायू आणखी दुखावला तर नंतर दुरुस्ती अवघड जाते. सिझरने आत्ताचा त्रास जाणार नाही, तो वाढू नये एवढाच हेतू. आणि सिझरचे स्वतःचे धोके आहेत, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुढच्या गरोदरपणात वार (प्लासेंटा) खाली चिकटणं. पुढे आणखी मुलं हवीत का हेही त्या निर्णयात येतं. मागच्या वाटेने सोनोग्राफी आणि दाब मोजायची तपासणी होते का, तुमच्या डॉक्टरांना विचारा. जिथे होत नसेल तिथून लिहून घेऊन मोठ्या इस्पितळात जा.

---

परदेशी पेडणेकरीण | ८ जून, दुपारी ३:१५

रात्रपाळी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तिकडेही हे होतं, भीती दोन्ही बाजूंना आहे.

मला एक गोष्ट सांगायचीय. हात लावायचा की नाही यावर आमच्यात वर्षानुवर्षं वाद आहे. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये साडेपाच हजारांच्या आसपास बायकांवर मोठा अभ्यास झाला, एका गटात बाळाच्या डोक्यावर आणि खालच्या भागावर हात ठेवून आधार, दुसऱ्यात हात तयार पण लांब. मोठ्या जखमांत फरक दिसला नाही. नंतर नॉर्वेत दाईंना हाताचा आधार द्यायचं पद्धतशीर शिकवलं आणि तिथल्या जखमा निम्म्याहून खाली आल्या. मग ब्रिटनमध्ये डॉक्टर आणि मिडवाइफ यांच्या संस्थांनी मिळून चार गोष्टींचा एक संच आणला: बाईला आधीच माहिती, हाताचा आधार, कट लागलाच तर ६० अंशांत, आणि बाळंतपणानंतर प्रत्येकीला मागच्या वाटेने बोट घालून तपासणी, म्हणजे जखम नजरेतून सुटू नये. काही मिडवाइफांना हा संच आपल्या हातावर विश्वास नसल्यासारखा वाटला. आमची बाई उभी असते, पाण्यात असते, तिथे हात कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचं दुःख कळतं. पण ती शेवटची तपासणी मी कधीच सोडत नाही. न दिसलेली, न शिवलेली जखम सगळ्यात वाईट.

पण तंत्राहून मोठं मला वाटतं ते म्हणजे कोण सांभाळतं. जिथे गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत एकच मिडवाइफ किंवा ओळखीच्या दोघी-तिघी असतात, तिथे बाई सांगते. २०१६ मध्ये पंधरा अभ्यास, १७,६७४ बायका एकत्र करून बघितलं, तर अशा सांभाळात चिमटा आणि कट दोन्ही कमी लागले, आणि चिमटा हाच तर जखमेचा मोठा धोका. मागे मोठी जखम झालेली बाई आमच्याकडे डॉक्टरांच्या यादीत जाते, तपासणी होते, फिजिओ भेटते. पण मिडवाइफ तिला सोडत नाही. काही ठिकाणी याच जखमांसाठी वेगळं क्लिनिक असतं, एकाच खोलीत डॉक्टर, मिडवाइफ, फिजिओ. बाईला तीन वेळा तेच लाजिरवाणं सांगावं लागत नाही.

भारतात आता काय चाललंय ते सिस्टर सांगतील का?

---

वाळपईची सिस्टर | ९ जून, सकाळी ५:५०

सांगते. केंद्राने २०१८ च्या डिसेंबरात मिडवाइफरीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. नर्सला अठरा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण द्यायचं, मग ती साधी बाळंतपणं स्वतःच्या जबाबदारीवर करील, अशा मिडवाइफांचे वेगळे विभाग इस्पितळातच असतील, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. तेलंगणाने त्याच्याही आधी सुरुवात केली होती. लेबर रूम सुधारायची लक्ष्य योजना २०१७ ची. बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीचं माणूस असावं, हे त्यात आहे. चांगलं आहे सगळं. मी निवृत्त झाले तेव्हा असं काही असतं तर मी पुन्हा शिकायला बसले असते.

आपल्या गोव्याचं मात्र एक वेगळंच आहे. इथे जवळजवळ सगळीच बाळंतपणं इस्पितळात होतात, त्याचा मला अभिमान आहे. बाकी राज्यांत आशा असते, आपल्याकडे ती नाही, घरी येते ती एएनएम आणि अंगणवाडीची बाई. म्हणजे तुझ्या घराची वाट माहीत असलेली बाई आहे, पण ती लेबर रूममध्ये नसते. लेबर रूममधली सिस्टर तीन पाळ्यांत बदलते. सकाळच्या पाळीने आत तपासलं, दुपारच्या पाळीने कळा बघितल्या, रात्रीच्या पाळीने बाळ घेतलं. घरी गेल्यावर एएनएम येते ती बाळाचं वजन करायला, नाळ बघायला. कार्डावर जागा आहे बाळाच्या लशींना. आईच्या टाक्यांना एकच रकाना, "ठीक आहे की नाही".

माझं स्वप्न लहान आहे. मातेच्या कार्डावर जखमेची डिग्री लिहिलेली असावी, अ, ब, क सकट. आणि सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी कुणीतरी दार लावून घेऊन तेच तीन प्रश्न विचारावेत: घाई थांबते का, वारा आवरतो का, डाग लागतो का. त्याला मशीन लागत नाही.

वळेसर, तुझ्या उपकेंद्रातल्या एएनएमला सांग. माझं नाव सांगितलंस तरी चालेल, खाजगीत पाठवते.

---

केपेकर | ९ जून, सकाळी ९:००

सिस्टर, काल रात्री आईला विचारलं. म्हणाली, पणजीची धाकटी जाऊ अशीच मागच्या दारी बसायची. मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

---

वळेसर | २२ जुलै, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. तेहतिसावा आठवडा. सांगायला हवं असं वाटलं.

उपकेंद्रातल्या एएनएम ताईंना सिस्टरांचे तीन प्रश्न फोनवर वाचून दाखवले आणि म्हटलं, तिन्ही त्रास मला आहेत. त्या दुसऱ्या दिवशी घरी आल्या. सासूबाईंना म्हणाल्या, मावशी, जरा चहा ठेवा, आणि दार लावून घेतलं. नंतर माझ्याबरोबर इस्पितळातही आल्या, रजा टाकून. आत जाताना माझा हात धरला होता. डॉक्टरांसमोर माझं तोंड उघडेना तेव्हा त्यांनी सुरुवात केली, मग मी बोलले.

जुना केसपेपर मिळाला. ३ब लिहिलं होतं. सोनोग्राफी झाली. आतला स्नायू अखंड आहे. बाहेरच्यात पुढच्या बाजूला फट आहे. डॉक्टरांनी कागदावर गोल काढला आणि घड्याळासारखं दाखवलं, अकरापासून एकपर्यंत. तीन वर्षं जे मी परकरात लपवत होते ते तेवढं होतं, अकरा ते एक. मी त्या गोलाकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

सिझर ठरवलंय, एकोणचाळिसाव्या आठवड्यात. डॉक्टरांनी नॉर्मलचाही पर्याय सांगितला होता, धोका सांगून. ठरवलं मी. मला नॉर्मल हवं होतं, हे इथे लिहिते कारण घरी कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या वेळी जे माझ्या हातातून गेलं ते परत मिळवावं असं वाटत होतं. पेडणेकरीण ताई, तुम्ही लिहिलंत ना, बाईला तिचं शरीर परत मिळाल्यासारखं वाटतं, ते वाचून रडले होते. पण मला आरतीला पुढे उभं राहायचंय. फिजिओकडे जातेय, पाचपर्यंत धरता येतं आता.

मिस्टरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बसमध्ये त्या दिवशी मी सोबत का नव्हतो?"

---

वाळपईची सिस्टर | २३ जुलै, सकाळी ५:४०

शाबास गं बाय. त्या एएनएमला माझा नमस्कार सांग. पोटाच्या टाक्याला पंचा आवळून बांधू नकोस, खोकताना उशी धर. आणि सिझर झालं म्हणून खालचे व्यायाम सोडायचे नाहीत.

---

नवीन सदस्य | २४ जुलै, रात्री १:१५

हे सगळं दोनदा वाचलं. मुलगा अकरा वर्षांचा आहे. मला आता आणखी मूल नको आहे, त्यामुळे नॉर्मल-सिझरचा प्रश्न नाही. बाकी सगळं वळेसरसारखं. इतक्या वर्षांनी जाऊन काय सांगायचं? खिडकीवर केसपेपर काढताना विचारतात ना, काय होतंय, मागे रांग असते.

---

वळेसर | २४ जुलै, सकाळी ७:०५

खिडकीवर एवढंच सांग, "बाळंतपणाच्या जुन्या टाक्यांचा त्रास." बाकीचं आत, दार लावल्यावर. मी एका चिठ्ठीवर लिहून नेलं होतं, बोलता आलं नाही तर द्यायला. त्यावर होतं: थर्ड डिग्री टेअर होतं, वारा आवरत नाही, घाई थांबत नाही. चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे. हवं तर सोबत येते. मंगळवारी मला फिजिओकडे जायचंच आहे.